मेंदूतली केरसुणी

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आमच्याकडे माळा काढण्याचा सोहळा चालू होता. वाड्यातून फ्लॅटात राहायला आलेल्या कुटुंबाला माळा म्हणजे काय, हे सांगायला नको. आईच्या वेळचा मोडका पाट, गणपतीचे मखर, तळ गेलेला बंब आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले पंधरा-वीस पत्र्याचे डबे! मी स्टुलावर उभी होते, खाली अण्णा. “दे इकडे,” म्हणून त्यांनी हात वर केला, माझ्या हातून डबा निसटला आणि त्याचा कोपरा त्यांच्या नडगीवर आपटला. म्हातारपणाची कातडी ती, कागदासारखी फाटली. डॉक्टर म्हणाले, “टाके घालण्याजोगी ही कातडीच नाही. रोज धुऊन पट्टी बदला. वेळ लागेल, पण भरेल.”

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ७८. सारी नोकरी त्यांनी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून केली. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभे राहून पत्रे खणाखणांत टाकायची, हे त्यांचे काम. १९७२ साली पिनकोड आले तेव्हा ते नोकरीत नवे होते, त्यामुळे ते आकडे त्यांच्या डोक्यात पक्के बसले. कुठलेही गाव सांगा, अण्णा त्याचा पिनकोड सांगत. पाहुण्यांपुढे हा आमच्या घरचा करमणुकीचा कार्यक्रमच होता. असे हे अण्णा तीन वर्षांपूर्वी दूध आणायला म्हणून गेले आणि स्वतःच्याच गल्लीत घर शोधत उभे राहिले. मग डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो. आणि शेवटी तो शब्द : अल्झायमर.

तर पट्टी रोज सकाळी मी बदलायची. पट्टी सोडली की अण्णा वाकून पाहत आणि विचारीत, “अगं, हे कधी लागलं?” पहिले दोन दिवस मी नीट सांगितले. तिसऱ्या दिवशी थोडक्यात सांगितले. पाचव्या दिवशी फराळाचे घाण्यावर होते, कॉलेजचे पेपर तपासायचे राहिले होते; माझा आवाज चढला. “किती वेळा सांगू, अण्णा?” ते ओशाळले. पुष्कळ गोष्टी ते विसरले आहेत. ओशाळणे मात्र विसरलेले नाहीत.

त्या दिवशी पट्टी बांधता बांधता एक विचार मनात आला आणि तो जाईना. ज्या माणसाला आपल्याला लागले आहे हेच आठवत नव्हते, त्याचे शरीर त्या जखमेला एक दिवसही विसरले नव्हते. कडेची कातडी गुलाबी होत आत सरकत होती. मग पायाला जे जमते ते डोक्याला का जमत नाही?

मी मराठी शिकवणारी बाई. माझा विज्ञानाशी संबंध मॅट्रिकलाच संपला. पण माझी भाची मुग्धा जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आणि ती दिवाळीच्या सुटीत आली होती. चकल्या पाडता पाडता मी तिला हा प्रश्न विचारला. मला वाटले, हसेल. पण ती म्हणाली, “मावशी, प्रश्न अगदी बरोबर आहे. पायात आणि डोक्यात साफसफाईला येतात त्या पेशी एकमेकींच्या नात्यातल्याच आहेत. आणि दोघींच्या अंगावर एक सारखीच वस्तू असते. तिच्याबद्दल ऐकायचंय का तुला?”

त्यानंतरचे वर्षभर मी तिच्याकडून ऐकत राहिले, तिने दिलेले वाचत राहिले. जे समजले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

काटा आणि भटक्या पेशी

ही हकीकत सुरू होते १८८२ साली, इटलीजवळच्या सिसिली बेटावर, मेसिना गावात. इल्या मेच्निकॉव्ह नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेथे समुद्रकाठी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हे एकटे सूक्ष्मदर्शकापाशी बसले. समोर तारामाशाची पिल्ले होती, काचेसारखी पारदर्शक. त्यांच्या शरीरात इकडेतिकडे हिंडणाऱ्या काही पेशी त्यांना दिसत होत्या. मनात आले, या पिल्लाच्या अंगात काटा मोडला तर या भटक्या पेशी काय करतील? उठून बागेत गेले, काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला!

परके, मेलेले, सडलेले जे असेल ते गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी. या शोधासाठी मेच्निकॉव्हना १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला जखम झाली की रक्त गोठते, मग एकदोन दिवसांत या पेशी तेथे जमतात आणि मेलेल्या पेशी, तुटके धागे, जंतू उचलू लागतात.

पण त्या नुसत्या झाडलोट करीत नाहीत. १९७५ साली गिनीपिगांवर एक प्रयोग झाला. औषधे देऊन त्यांच्या अंगातल्या या मोठ्या भक्षक पेशी जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग जखम केली. केर साचून राहिला हे तर झालेच. पण नवे मांस धरण्याचे कामही रेंगाळले. म्हणजे आधी झाडलोट, मग रांगोळी, हा आपल्या अंगणातला नियम शरीरालाही लागू आहे. झाडणारीने काम पुरे केल्यावर तीच पुढच्यांना हाक मारते : या, आता भिंत बांधा.

पेशीचे बोट

आता खरा प्रश्न. या पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. केर कोणता आणि घरातली चांगली वस्तू कोणती, हे तिला कळते कसे?

मुग्धाने दिलेले उत्तर असे. प्रत्येक पेशीच्या पातळ वेष्टनातून प्रथिनांची टोके बाहेर डोकावत असतात. बाहेरची ठराविक वस्तू त्या टोकाला चिकटली की आत वर्दी जाते. या प्रथिनांना शास्त्रीय परिभाषेत ‘ग्राही’ म्हणतात. काही पुस्तकांत ‘ग्राहक’ असेही छापलेले दिसले. पण त्या शब्दाने मला दुकानाच्या पायरीवर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दिसतो, म्हणून मी ग्राहीच म्हणते. अंधारात हाताने चाचपून आपण फणी आणि काडेपेटी ओळखतो, तसे हे पेशीचे बोट समजावे.

भक्षक पेशींच्या अंगावर अशी कितीतरी बोटे असतात. त्यांतल्या एकाचे नाव ‘ट्रेम-२’. ट्रेम घराण्याची ओळख शास्त्रज्ञांना २००० सालच्या सुमारास झाली. हे प्रथिन म्हणजे २३० अमिनो आम्लांची एक माळ. डोके बाहेर, एक पदर वेष्टनातून आरपार, आणि आत एवढेसे शेपूट. ते शेपूट इतके तोकडे की त्याला स्वतः निरोपही सांगता येत नाही; शेजारी ‘डॅप-१२’ नावाचे दुसरे प्रथिन असते, ते त्याच्या वतीने आत बोलते.

ट्रेम-२ ला काय चिकटते? मुख्यतः स्निग्ध पदार्थ. पेशी मेली, फुटली, की तिच्या वेष्टनातली चरबी उघडी पडते. घरातल्या माणसाचे अंग झाकलेले असते. उघडी पडलेली चरबी म्हणजे कोणीतरी गेले ही खूण. बोटाला ती लागली की आत आज्ञा सुटते : येथे थांब, हे उचल, पचव, आणि काम संपेपर्यंत तग धर. तग धरण्याची आज्ञा विशेष महत्त्वाची. चरबी पचवणे जड काम आहे. तेलकट भांडी घासणाऱ्याला विचारा!

२००९ साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या उंदरांत जन्मतः ट्रेम-२ नव्हते, त्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तराला केलेली बारीक जखम नीट भरून येईना. बाकी सारे साहित्य होते. नव्हते ते एवढेच एक बोट.

मेंदूच्या घरातले रहिवासी

मेंदूतही अशा पेशी आहेत. १९१९ साली माद्रिदमध्ये पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून त्या वेगळ्या दाखवल्या आणि त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. मेंदूतल्या पेशींपैकी शेकडा दहाच्या आतबाहेर या असतात. रक्तातून येणाऱ्या भक्षक पेशींसारख्या त्या कामापुरत्या येत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना त्या मेंदूत शिरतात आणि मग त्यांचे सारे आयुष्य तिथेच जाते.

कित्येक वर्षे समजूत अशी होती की मेंदू निरोगी असेल तर या पेशी स्वस्थ बसून असतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांना प्रत्यक्ष पाहता आले, तेव्हा ही समजूत साफ खोटी ठरली. त्यांचे बारीक हात एकसारखे हलत असतात, शेजारपाजार चाचपत असतात. मेंदूत कुठे इजा झाली की काही मिनिटांत ते हात तिकडे वळतात.

आणि त्या हातांवर ट्रेम-२ असतो.

मेंदूतल्या तारांवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवर रबर असते तसे. ते फाटले की तुकडे आधी उचलावे लागतात, मगच नवे वेष्टन चढते. २०१५ साली उंदरांत दिसले की ट्रेम-२ नसेल तर हे तुकडे तसेच पडून राहतात आणि नवे वेष्टन नीट चढत नाही. वाचून मी पुस्तक मिटले. अण्णांच्या पायाची आणि डोक्याची गोष्ट एकच होती तर!

हाडे आणि विसर

माणसात ट्रेम-२ मुळीच काम करीत नसेल तर काय होते? याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले होते, पण ते वाचता यायला तीस वर्षे गेली.

१९७० नंतरच्या चार-पाच वर्षांत फिनलंडमध्ये हाकोला आणि जपानमध्ये नासू या डॉक्टरांनी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, एकाच विचित्र रोगाचे वर्णन केले. विशी-तिशीतली धडधाकट माणसे. जरासा पाय मुरगळल्याचे निमित्त होते आणि हाड मोडते. क्ष-किरणात पाहावे तर घोट्याच्या आणि मनगटाच्या हाडांत पोकळ्या. मग तिशीत स्वभाव बदलू लागतो, विसर पडू लागतो, आणि चाळिशी-पन्नाशीच्या आत सारा खेळ आटोपतो. हाडे आणि स्मृती यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणालाच उलगडेना.

२००० साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांना काही कुटुंबांत डॅप-१२ चे जनुक बिघडलेले सापडले. २००२ साली दुसऱ्या काही कुटुंबांत ट्रेम-२ चे जनुक बिघडलेले निघाले. रोग मात्र तोच. बोट नसले काय आणि बोटाचा निरोप सांगणारा नसला काय, परिणाम एकच! हाडांतही जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि त्याही याच गोतावळ्यातल्या. तेथेही त्यांना या बोटाची गरज असते.

हा रोग फारच विरळा. पण अल्झायमर विरळा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी हा अल्झायमर असतो. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची औगुस्टे डेटर ही बाई दाखल झाली. १९०६ साली ती वारल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. पेशींच्या मधोमध साचलेली किटणे आणि पेशींच्या आत पडलेल्या गुंतागुंती त्यांना आढळल्या. किटणे असतात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची.

२०१२ च्या अखेरीस आइसलंडमधल्या आणि इतर देशांतल्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे एकच बातमी दिली. ट्रेम-२ च्या माळेतला ४७ वा मणी ज्यांच्यात बदललेला असतो, त्यांना म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका दुपटी-चौपटीने वाढतो. २३० मण्यांत एकच मणी! मला नवल वाटले नाही. ‘दिन’ची पहिली वेलांटी दुसरी झाली की दिवसाचा गरीब बापडा होतो, हे मी दर वर्षी मुलांच्या वह्यांत पाहते.

उंदरांतही पुढे कारण दिसले. ट्रेम-२ असेल तर मायक्रोग्लिया किटणाभोवती कोंडाळे करतात, त्याला दाबून घट्ट करतात, आणि शेजारच्या तारांना त्याची झळ कमी लागते. ट्रेम-२ नसेल तर त्या भोवती जमतच नाहीत. किटण पसरट राहते आणि आजूबाजूची खराबी वाढते. केर सगळाच उचलता आला नाही, तरी निदान कोपऱ्यात लोटून ठेवायला हात लागतो.

मग औषध आहे का?

हाच प्रश्न माझ्या धाकट्या भावाने बंगळुरूहून विचारला. विचारला कसला, उत्तरच पाठवले! फोनवर जाहिरात आली : थुंकीवरून जनुकांची परीक्षा करा आणि ‘मेंदूतली सफाई वाढवणाऱ्या’ गोळ्या सहा महिने घ्या. आकडा वाचून मला घेरीच आली. भाऊ म्हणाला, “ताई, पैशाची काळजी करू नकोस. मी लांब राहतो, एवढं तरी करू दे मला.” त्याच्या आवाजातली तळमळ मला कळत होती. लांब राहणाऱ्या मुलांना अपराधी वाटत असते. आणि जवळ राहणाऱ्यांना राग येत असतो. दोघांच्याही दुबळ्या घटकेची जाहिरातवाल्यांना चांगली पारख असते.

मी मुग्धाला विचारले. ती म्हणाली, “मावशी, तो बदललेला मणी युरोपातल्या लोकांतही शंभरात एकाकडेसुद्धा नसतो. आजोबांच्यात समजा सापडला, तरी त्यावर आज वेगळा उपाय नाही. आणि ट्रेम-२ ला जागवणारं औषध शास्त्रज्ञांनी खरोखरच करून पाहिलंय.”

ती हकीकतही सांगितली पाहिजे. ट्रेम-२ ला चिकटून त्याला चेतवणारे एक प्रतिपिंड तयार झाले. अल्झायमरच्या पहिल्या पायरीवरच्या रुग्णांना ते देऊन पाहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला : विकाराची चाल मंदावली नाही. औषध उशिरा पोहोचले, की चुकीच्या जागी चिकटले, की नुसते बोट जागवून भागत नाही, याचा शोध चालू आहे. दुसरीकडे २०१९ साली असेही आढळले होते की पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ट्रेम-२ चे सुटे तुकडे ज्या रुग्णांत जास्त, त्यांची स्मृती तुलनेने सावकाश ढळते. म्हणजे वाट चुकीची नसावी. पण ती अजून घरापर्यंत पोहोचलेली नाही.

शिवाय सफाई जितकी जास्त तितकी चांगली, असेही नाही. कर्करोगाच्या गाठीत ट्रेम-२ धारण करणाऱ्या भक्षक पेशी शरीराच्या लढाऊ पेशींना थोपवून धरतात. २०२० साली उंदरांत दिसले की ट्रेम-२ नसेल तर अशा गाठी कमी वाढतात. भरून आणण्याची विद्या चुकीच्या ठिकाणी वापरली की ती शत्रूचेच घर बांधते. गोळ्यांची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

भावाला मी हे सारे सविस्तर कळवले. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, “मग त्या पैशाचं काय करू?” आमच्या डॉक्टरांनी त्याचे उत्तर दिले. अण्णांना दोन वर्षे नीट ऐकू येत नव्हते. आम्ही ते विसराळूपणाच्या खाती मांडले होते. कानाचे चांगले यंत्र घेतले. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. संध्याकाळी कोणीतरी बरोबर फिरायला जाऊ लागले. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने १४ गोष्टी सांगितल्या आहेत. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, धूम्रपान, एकटेपण, अशा. त्या सगळ्यांकडे वेळीच लक्ष पुरवले तर जगातले जवळजवळ शेकडा ४५ स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा हिशेब आहे. अण्णांच्या बाबतीत टाळण्याची वेळ गेली. पण आम्ही तिघे भावंडे पन्नाशीकडे चाललो आहोत. आमची गेलेली नाही.

यंत्र लावल्यापासून अण्णा पुन्हा बोलू लागले आहेत. त्यांची आठवण परतली असे मी म्हणणार नाही. पण विचारलेले ऐकू येते, म्हणून निदान उत्तर देतात.

* * *

स्मृतिभ्रंश हा शब्द आपल्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे ओळखीचा आहे. तेथे तो क्रोधातून निघणाऱ्या साखळीतला एक दुवा म्हणून येतो. वर्गात मी तो श्लोक किती वेळा समजावून सांगितला असेल! पण आमच्या घरात साखळी उलटी होती. स्मृतिभ्रंश अण्णांना झाला होता आणि क्रोध मला येत होता. हा स्वभावाचा दोष नाही, हट्ट नाही, लक्ष न देणे नाही. डोक्यातल्या झाडलोटीचे काम थकले आहे, एवढे कळायला मला एका प्रथिनाची चरित्रकथा वाचावी लागली.

गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवते. बाजारातून शिंदीच्या पानांची नवी केरसुणी आणली होती. मी चौरंग मांडीत होते. अण्णा पायाला पट्टी बांधलेली तशीच घेऊन हळूहळू आले, माझ्या हातून केरसुणी घेतली, तिच्या मुठीला हळदकुंकू लावले, फूल वाहिले आणि हात जोडले. कोणी सांगितले नव्हते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझी आई म्हणायची, वर्षभर राबते ती ही, म्हणून पहिला मान हिचा.” आई जाऊन अकरा वर्षे झाली.

देवदिवाळीपर्यंत पाय भरला. आता नडगीवर एक फिकट वण तेवढा आहे. परवा आंघोळीनंतर पाय पुसताना अण्णांनी त्या वणावरून बोट फिरवले आणि विचारले, “अगं, हे कधी लागलं?”

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. माळा, स्टूल, डबा, आणि डबा माझ्याच हातून सुटला होता हेही. त्यांनी लक्ष देऊन ऐकले. “भरलं की मग छान,” म्हणाले.